अंगठा म्हणजे होकार नव्हे

दिल्लीने आपल्याला एक नवा हक्क दिलाय. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने कायदा केला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले, म्हणजे संमतीची मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू व्हायची ठरली. कायदा म्हणतो, तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर, फोटो, बोटाचा ठसा, तुमच्याबद्दलची कसलीही माहिती कंपनीला घ्यायची असेल, वापरायची असेल, पुढे दुसऱ्याला द्यायची असेल, तर आधी तुमची संमती पाहिजे. माहिती नीट सांभाळली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

आपली संमती! वाचून हसू आलं. आपल्या बापजाद्यांना या देशात कोणी कधी काय विचारून केलं? गावकुसाबाहेर बसवताना विचारलं? मेलेलं ढोर ओढायला लावताना विचारलं? वतनाच्या नावाखाली महाराने गावाचं टपाल वाहिलं, सरकारी खजिन्याबरोबर रात्रीबेरात्री धावला, मयतीचे सांगावे घेऊन गावोगाव हिंडला. अख्ख्या गावाची खबर त्याच्या पायांवर फिरत होती आणि त्या कागदातलं एक अक्षर वाचायची त्याला मुभा नव्हती. १९५८ च्या कायद्याने ती वतनं गेली. खबर वाहणारा एक आणि खबरेचा मालक दुसरा, ही रीत मात्र गेली नाही. आता आपण टपाल वाहत नाही. आता आपणच टपाल झालोत. एकाने पत्ता लिहायचा, दुसऱ्याने शिक्का मारायचा, तिसऱ्याने फोडून वाचायचं.

तरी हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. मी हा कायदा बसून वाचला. त्यात संमती कशी असावी हे लिहिलंय. ती मोकळेपणाने दिलेली असावी. नेमक्या कामापुरती असावी. समजून उमजून दिलेली असावी. बिनशर्त असावी. आणि तिच्याबद्दल कसलीही शंका नसावी. पाच शब्द. कागदावर पाचही शब्द सोन्यासारखे आहेत. दिल्लीत ते बरोबर दिसत असतील. मी यावलला राहतो. हे पाच शब्द घेऊन जरा माझ्याबरोबर यावलच्या बाजारात चला.

इथं वर सातपुडा, खाली तापी, मध्ये केळीचे मळे. घड कापणारा, डोक्यावरून वाहणारा, ट्रक भरणारा हात आपला. मळा कोणाचा ते मी सांगायला नको. माझ्या गल्लीतल्या एका पोराने माय आजारी पडली म्हणून मोबाईलवरून कर्ज काढलं. पाच हजार रुपये. दहा मिनिटांत पैसे आले. अ‍ॅपने विचारलं, फोनमधले नंबर बघू? त्याने हो वर बोट ठेवलं. तिसरा हप्ता चुकला आणि फोन सुरू झाले. त्याला नाही. त्याच्या बहिणीच्या सासरी, मुकादमाला, शाळेतल्या जुन्या गुरुजींना. तुमचा अमका चोर आहे, त्याला पैसे भरायला सांगा. बहिणीला सासरी काय ऐकावं लागलं ते तिलाच ठाऊक. मी पोराला विचारलं, तू हो कशाला म्हटलं? तो म्हणाला, "मले काय मालूम भो, हो म्हटल्याबिगर पुढंच जात नव्हतं."

दोस्तांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. हो म्हटल्याबिगर पुढंच जात नव्हतं. संमतीवर विद्यापीठात ग्रंथ लिहिले जातील, त्यांच्यापेक्षा हे वाक्य खरं आहे. माय दवाखान्यात, खिशात दमडी नाही, पुढे एकच दरवाजा आणि त्याला एकच कडी. या होकाराला मोकळा होकार म्हणणारा माणूस एक तर पोटभर जेवलेला आहे किंवा चोराचा भागीदार आहे.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नव्हतं असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना बजावलं की कर्जदाराच्या फोनमधले नंबर, फोटो, फायली, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. जी माहिती लागेल तेवढीच, तीही आधी स्पष्ट संमती घेऊन. नव्या कायद्यातही असाच दाखला छापलाय. घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधले नंबर मागितले आणि बाईने हो म्हटलं, तरी तो होकार नंबरांपुरता धरायचा नाही, कारण औषधपाण्याला त्या नंबरांची गरजच नाही. हे कलम चांगलं आहे. हे आपलं हत्यार आहे. पण हत्यार पेटीत आहे, पेटीची किल्ली दिल्लीला आहे आणि पोराच्या बहिणीच्या सासरी फोन अजून वाजतोय.

समजून उमजून, हा आणखी एक शब्द. कायदा म्हणतो, संमती मागताना आधी सूचना द्यावी, काय घेतो, कशासाठी घेतो. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी मागाल त्या भाषेत. मराठी आहे त्यात. छान. पण यावलच्या वरच्या अंगाला पाड्यांवर जा. तिथं पावरा माणूस घरात पावरी बोलतो, भिल्ल भिली बोलतो. त्यांची बोली त्या २२ मध्ये नाही. आणि ज्या माऊलीला अक्षरओळखच नाही, तिला २२ काय, २०० भाषांतली सूचना दिली तरी उपयोग काय? तिच्यापुढे यंत्र सरकवतात. ती अंगठा टेकवते. यंत्र टिंग करतं. झाली संमती!

एका अंगठ्यात दोन दोन कामं उरकली जातात, हेही या देशात घडून गेलंय. २०१७ मध्ये मोबाईलचं सिम आधारला जोडायची सक्तीची लाट होती. एअरटेलच्या ग्राहकांनी सिमसाठी आधारची पडताळणी दिली आणि त्यातूनच त्यांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. नीट विचारलं गेलं नाही, अशा तक्रारी झाल्या. गॅसची सबसिडी नेहमीच्या खात्यात यायची ती या नव्या खात्यात गेली. बाया बँकेत जाऊन पासबुकं भरून बघतात, पैसा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी तात्पुरती थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपये दंड केला. म्हणजे सिमचा होकार हा खात्याचा होकार नव्हे, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. अंगठा एका कामाला दिला, दुसऱ्याला वापरला, तर त्याला आमच्या भाषेत चोरी म्हणतात.

या अंगठ्याचा इतिहास आपल्याला ठाऊक पाहिजे. इंग्रजाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्माला आलं पोर की गुन्हेगार. १९११ च्या कायद्याने या जमातींच्या लोकांच्या बोटांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला दिला. सोलापुरात काटेरी तारांच्या आत माणसं कोंडली. सकाळ-संध्याकाळ हजेरी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. म्हणजे या देशात सरकारने एखाद्या समाजाच्या समाज ठसे घेतले, ते सावकाराचे किंवा जमीनदाराचे नव्हते. पारध्याचे होते. कैकाड्याचे होते. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याचा ठसा.

आणि पहिलं आधार कुठं दिलं? मुंबईच्या मलबार हिलवर? नाही. आपल्या खानदेशात. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, एका आदिवासी बाईच्या हातात देशातला पहिला आधार क्रमांक ठेवला. ठसे घेतले, डोळ्यांची बुबुळं टिपली. त्या दिवशी या योजनेला संसदेचा कायदा नव्हता. आधारचा कायदा आला २०१६ मध्ये. मध्ये सहा वर्षं कोट्यवधी लोकांची बोटं कायद्याशिवाय घेतली गेली. नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता, माझी माहिती दुसऱ्या संस्थांना द्यायला माझी हरकत नाही. तो रकाना किती जणांना वाचून दाखवला? तुमच्या घरच्यांना विचारा. माझ्या घरी कोणाला आठवत नाही.

मग लोक कोर्टात गेले. तिथं सरकारी बाजूने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. गरिबाला अन्न पाहिजे, खाजगीपणा हे सुखवस्तूंचं खूळ आहे, असाही सूर निघाला. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. तुम्हाला शाळा कशाला, तुम्हाला तळं कशाला, तुम्हाला देऊळ कशाला, तसंच तुम्हाला खाजगीपणा कशाला! २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला. खाजगीपणा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. गरिबाला फक्त भाकरी पाहिजे, हक्क नको, हा युक्तिवाद त्या निकालाने फेटाळला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा कायदा कोर्टाने राखला, पण खाजगी कंपन्यांना आधार मागायची मोकळीक देणारा भाग रद्द केला. रेशन आणि सरकारी योजनांना आधार राहिलं. म्हणजे जो कंपनीच्या दारात उभा होता त्याला थोडी ढाल मिळाली. जो रेशनच्या रांगेत उभा होता तो रांगेतच राहिला.

आता मुद्द्याचं बोलतो. आपली सगळ्यात खाजगी गोष्ट कोणती? बँकेतला आकडा? तो आकडा किती ते आपल्यालाच माहीत. आपली सगळ्यात खाजगी गोष्ट जात आहे आणि तीच या देशात सगळ्यात उघडी आहे.

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशात शिकून आलेला माणूस, राहायला खोली मिळेना. पारशी नाव नोंदवून पारशांच्या उतारघरात राहिले. अकराव्या दिवशी जात फुटली आणि लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरताना ते आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावला उतरले. एकही टांगेवाला न्यायला तयार होईना. जात आधीच स्टेशनवर पोचली होती. शेवटी वस्तीतल्या एकाने टांगा हाकला. त्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उलथला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. माहिती चुकीच्या हातात गेली की काय मोडतं, हे चाळीसगावने १९२९ मध्ये दाखवलं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता.

आज तुम्ही पुण्यात खोली शोधता तेव्हा घरमालक पूर्ण नाव विचारतो. आडनावावर समाधान झालं नाही तर गाव विचारतो, मग देव विचारतो. मुंबईच्या आयआयटीला जुलै २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना सांगावं लागलं की एकमेकांना प्रवेश परीक्षेतली रँक विचारू नका, तिच्यातून जात काढली जाते. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथला एक दलित विद्यार्थी जिवानिशी गेला होता. रँक हा आकडा आहे. या देशात आकड्यालाही जात असते.

आता ऐका. २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने या कायद्याचा पहिला मसुदा दिला. त्यात आरोग्य, धर्म, पैसा यांच्याबरोबर जात आणि जमात ही संवेदनशील माहिती म्हणून वेगळी काढली होती. तिला जास्त कडक संमती, जास्त कडक संरक्षण. २०१९ च्या विधेयकातही ते होतं. २०२३ च्या कायद्यात ते गायब! संवेदनशील माहिती हा प्रकारच काढून टाकला. आता कायद्याच्या लेखी तुमची जात आणि तुमच्या चपलेचा नंबर एकाच मापाचे. चपलेचा नंबर कळला म्हणून कोणाचं घर जळालंय?

गैरसमज नको. आम्हाला जात लपवायची नाही. लाज आम्हाला नाही, लाज ज्यांनी ती लादली त्यांना असावी. जातीची मोजणी झालीच पाहिजे, मोजल्याशिवाय वाटा मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने एकेका माणसाची नोंद गुप्त ठेवायची असते, आकडे तेवढे बाहेर येतात. म्हणजे मोजताही येतं आणि माणसाला झाकताही येतं. करायची दानत पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच की दाखल्यासाठी दिलेली जात दाखल्यापुरती. स्कॉलरशिपसाठी दिलेली जात स्कॉलरशिपपुरती. ती कॉलेजच्या फळ्यावर, मालकाच्या यादीत, कोणत्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या परवानगीशिवाय जाता कामा नये. कुठं सांगायची, कोणाला सांगायची, ते आम्ही ठरवणार.

आणखी तीन गोष्टी या कायद्यात आहेत, त्या पाठ करा.

पहिली. संमतीचं बंधन कंपनीवर जेवढं, तेवढं सरकारवर नाही. अनुदान, दाखला, परवाना यांसाठी सरकारी दप्तरात आधीच असलेली माहिती सरकार पुन्हा न विचारता वापरू शकतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र सरकार एखाद्या सरकारी यंत्रणेला अख्ख्या कायद्यातून मोकळं करू शकतं. मोर्चा काढणाऱ्या पोराला सुव्यवस्था या शब्दाचा अर्थ समजावायची गरज नाही.

दुसरी. तुमची माहिती फुटली, तुमचं नुकसान झालं, कंपनीला कोटींचा दंड झाला, तर तो पैसा जातो सरकारच्या तिजोरीत. तुमच्या हातात छदाम नाही. आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ होतं, त्यात भरपाई मागता येत होती. नवा कायदा ते कलमच काढून टाकतो. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड. घाव आपल्याला, मलम तिजोरीला आणि ओरडलात तर पावती!

तिसरी सगळ्यात घातकी आहे. या कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागूही केला. संमतीच्या मुख्य कलमांना अठरा महिने थांबायला वेळ होता, याला नव्हता. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही हे दाखवावं लागे. मोठं जनहित असेल तर ती द्यावी लागे. आता त्या कलमात वैयक्तिक एवढा शब्द पुरे. जनहिताची दुसरी एक वाट कायद्यात शिल्लक आहे, पण ती वाट साहेबाच्या मर्जीतून जाते. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या, हजेरीपट भर सभेत वाचले. मेलेली माणसं कामावर, हजर माणसं गैरहजर! त्या वाचण्यातून माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली. आता तोच हजेरीपट मागायला गेलात तर साहेब म्हणेल, छे छे, मजुरांच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे. आमच्या खाजगीपणाची एवढी काळजी! आमच्या नावावर धान्य उचलणाऱ्याला झाकायला आमच्याच नावाची चादर.

डाव ओळखा, दोस्तांनो. खालच्याचं सगळं उघडं, वरच्याचं सगळं झाकलेलं. खाजगीपणाचा हक्क याच्या बरोबर उलटा पाहिजे. सत्तेकडे माहिती असेल ती लोकांना दिसावी. लोकांकडे माहिती असेल ती सत्तेला त्यांच्या परवानगीनेच मिळावी.

म्हणून मागतो. नकार दिला म्हणून कोणाचं रेशन, मजुरी, स्कॉलरशिप, औषध अडता कामा नये. ज्या नकाराची किंमत उपास आहे तो नकार नाही आणि जिथं नकार नाही तिथं होकारही नाही. जात आणि जमातीला कायद्यात पुन्हा वेगळं, कडक संरक्षण द्या. नुकसान झालेल्याला भरपाई द्या. माहिती अधिकाराचं कलम होतं तसं करा. सूचना वाचणाऱ्याच्या भाषेत आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या बोलीत तोंडी द्या.

मागणं वर पोचेल तेव्हा पोचेल. तोवर शहरातल्या शिकलेल्या पोरांनी निबंध लिहीत बसू नये. सुट्टीत गावी येता ना? सेतू केंद्रासमोर, मोबाईलच्या दुकानासमोर, बचत गटाच्या बैठकीत जाऊन बसा. अंगठा टेकायच्या आधी आपल्या माणसाला तीन प्रश्न विचारायला शिकवा. काय घेतोस? कशाला घेतोस? पुढे कोणाला देणार? उत्तर मिळाल्याशिवाय बोट पुढे करू द्यायचं नाही. दिलेली संमती देताना जितकी सोपी, तितकीच सोपी परत घेता आली पाहिजे, हेही कायद्यात लिहिलंय. ते वाचून दाखवा. कर्जाच्या अ‍ॅपने नंबर मागितले तर रिझर्व्ह बँकेचा नियम तोंडावर फेका. एकेकट्याने नाही म्हटलं तर त्याचं काम अडेल. पन्नास जणांनी मिळून म्हटलं तर दुकानदाराचं अडेल.

बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिलं ते अंगठ्यातून सुटायला. साठ-सत्तर वर्षांनी यंत्राने शिकलेल्यालाही पुन्हा अंगठ्यावर आणलंय. डॉक्टर असो, वकील असो, रांगेत सगळे अंगठेबहाद्दर. तेव्हा आता लढाई सहीची राहिली नाही, नाही म्हणण्याची आहे. आपल्या आज्याला नाही म्हणता येत नव्हतं, म्हटलं की गाव वाळीत टाकायचं. चवदार तळ्यावर ओंजळ भरली ती गावाला नाही म्हणण्यासाठीच. तोच नकार यंत्रापुढे म्हणायला शिका, शिकवा.

जयभीम!